योगनिद्रेतला संकल्प

पूजेला बसलं की गुरुजी स्थळ, काळ, गोत्र उच्चारतात, पूजा कशासाठी ते सांगतात आणि हातातलं पाणी ताम्हनात सोडायला लावतात. तो संकल्प. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी रूढ केलेल्या योगनिद्रेत, म्हणजे पडून जागेपणी विसावण्याच्या सरावातही, हाच शब्द आहे, आणि तिथे तो मला फार जवळचा वाटतो.

शवासनात शरीर सैलावलं की संकल्प, म्हणजे स्वतःसाठी ठरवलेलं एक वाक्य, मनात तीनदा म्हणायचा. मग उजव्या हाताच्या अंगठ्यापासून लक्ष अंगभर फिरवायचं, श्वास मोजायचा, जड-हलकं, थंड-गरम अशा संवेदना जागवायच्या. उठण्याआधी तेच वाक्य पुन्हा तीनदा.

वाक्य छोटं आणि होकारार्थी हवं. ‘मी चिडणार नाही’ म्हटलं की माझं मन चिडण्यालाच चिकटायचं. ‘मी शांतपणे ऐकते’ हे मात्र आत रुजलं. शब्द दर आठवड्याला बदलू नका. काही सुचत नसेल तर काही दिवस संकल्पाशिवायच सराव करा, दुसऱ्याचा उसना घेऊ नका. आणि तो मराठीतच घ्या बरं का, ज्या भाषेत आपण स्वतःशी बोलतो त्या भाषेत!