देवमाशाचे गणगोत

देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. म्हणून निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये त्याला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसवले. पण सस्तन प्राण्यांत त्याचे सख्खे कोण, हे ठरायला पुढे दोन शतकांहून अधिक काळ गेला.

दिसण्यावरून नाते ठरवता येत नाही. पाणी कापत जायचे तर निमुळते अंगच सोयीचे. नैसर्गिक निवडीने मुशी आणि देवमासा या दोघांनाही वेगवेगळ्या वाटांनी त्याच आकारापर्यंत आणले. दूध पाजणे तर सगळ्याच सस्तनांत आढळते. त्यावरून देवमासा गायीच्या जवळचा की वाघाच्या, हे कळत नाही. मग पाहायचे काय? जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये नेमका नियम मांडला: जे लक्षण एखाद्या पूर्वजात नव्याने आले आणि त्याच्याच वंशजांत उतरले, तेच जवळचे नाते सांगते.

या कसोटीला देवमासा उतरला तो तीन बाजूंनी. १९९०च्या दशकात डीएनएच्या तुलनेतून दिसले की, हयात प्राण्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा आहे. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या पाय असलेल्या आदिम देवमाशांच्या जीवाश्मांत घोट्याचे हाड सापडले. त्याची घडण गाय, शेळी, हरीण या समखुरी प्राण्यांसारखीच होती. जम्मूतल्या कालाकोटजवळ भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांत ‘इंडोहायस’ हा छोटा समखुरी प्राणी होता. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याच्या कानाच्या हाडाची एक बाजू देवमाशासारखी जाड असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ पाणघोड्याचा देवमासा झाला असा नव्हे. दोघांचा पूर्वज एक, फांद्या वेगळ्या. गायीसारखाच समखुरी असलेला पाणघोडा गायीपेक्षा देवमाशाला जवळचा असेल, तर देवमाशाला वगळून समखुरींचा गट करणे म्हणजे एका भावाचे नाव गाळून वंशावळ लिहिणे. म्हणून जीवशास्त्रज्ञांनी देवमाशांना समखुरींच्याच गटात घेतले.

शाळेत वर्गीकरण म्हणजे पाठ करायची यादी असते. खरे तर तो पूर्वजांविषयीचा दावा आहे, नव्या पुराव्याने तपासता येणारा. मुलांना नावांबरोबर ‘हे कशावरून?’ हा प्रश्नही शिकवायला हवा.