गळाला लागलेली चूक

गेल्या डिसेंबरात यवतमाळ-हिंगोलीच्या सीमेवर, पैनगंगेवरील इसापूर जलाशयाकाठी एका स्नेह्यांच्या शेतात आम्ही सहकुटुंब तंबू ठोकला. पहाटेपासून गळ टाकूनही दुपारपर्यंत एक मासा लागला नाही. मुले कंटाळली, ८२ वर्षांचे बाबा मात्र जागचे हलले नाहीत. अखेर उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळता कोसळता वाचले. आडवे निजवून पाय उंच ठेवले, तरतरी आल्यावर घोट घोट पाणी पाजले. अंधारात लघवीस उठावे लागू नये म्हणून आदल्या सायंकाळपासून त्यांनी पाणीच टाळले होते, हे माझ्यासारख्या डॉक्टर मुलास तेव्हा कळले! वार्धक्यात तहान मंदावते, थंडीत अधिकच. त्यात रक्तदाबाची, लघवी वाढविणारी गोळी. दुसऱ्या रात्री बाबांच्या उशाशी पाण्याची बाटली, विजेरी आणि लघवीचे भांडे ठेवले. सकाळी बाटली अर्धी रिकामी होती.