वृद्धाश्रमातली जयंती : यजमान कोण, पाहुणे कोण?

१४ एप्रिलला आपली मंडळे वृद्धाश्रमांत केळी घेऊन जातात. सकाळी नऊपासून रीघ लागते. एक मंडळ बाहेर पडते, दुसरे आत येते. बॅनर बांधला जातो, म्हाताऱ्या माणसांना खुर्च्यांवर एका ओळीत बसवतात, प्रत्येकाच्या हातात दोन केळी आणि बिस्किटांचा पुडा, मग फोटो. दुपारपर्यंत स्वयंपाकघरात केळ्यांचा ढीग साचतो. उन्हाळ्याचे दिवस, दुसऱ्या दिवशी निम्मी काळी पडतात. आणि १५ एप्रिलला कोणीही येत नाही.

देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. वर्गणी कष्टाची असते. पण ज्यांच्यासाठी हे चालते, त्यांची जयंती यात कुठे असते? ते तर त्या दिवशी फक्त हात पुढे करायला बसलेले असतात. ज्या बापमाणसाने आपल्याला हात पसरू नका असे शिकवले, त्याच्याच जयंतीला हे व्हावे, हे मनाला पटत नाही.

कल्याणच्या पुढे एका वृद्धाश्रमात आमच्या वस्तीतले महिला मंडळ आणि काही तरुण गेली चार वर्षे नियमाने जातात. तिथे चाळीसएक वृद्ध राहतात. सण पुष्कळ होतात. गणपती बसतो, नवरात्रात गरबा होतो, दिवाळीला फराळ येतो, एकादशीला भजन असते. व्यवस्थापन सज्जन आहे, कोणाला मुद्दाम वगळत नाही. पण संक्रांतीनंतर हळदीकुंकू होते तेव्हा निम्म्याहून अधिक बायका आपापल्या खाटेवर बसून राहतात, कारण त्या विधवा आहेत. वृद्धाश्रमात विधवाच अधिक असणार, हे सांगायला पंडित लागत नाही. तरीही हा कार्यक्रम दरवर्षी व्हायचा, आणि तो कोणासाठी आहे हे कोणी विचारत नव्हते.

आमच्या महिला मंडळाच्या ताईंनी यावर भाषण केले नाही. त्यांनी व्यवस्थापनाकडून ३ जानेवारीचा दिवस मागून घेतला. सावित्रीबाई फुल्यांची जयंती. फुले सगळ्यांना, तिळगूळ सगळ्यांना, आणि प्रतिमेला हार घालण्याचा मान तिथल्या सर्वांत वयस्क आजींना. त्या आजी ब्राह्मण, बालविधवा. हार हातात घेऊन त्या बराच वेळ उभ्याच राहिल्या. अशा कामाला आयुष्यात कोणी पुढे बोलावले नव्हते, असे नंतर म्हणाल्या.

आपली माणसे तिथे किती आहेत, हे आम्हाला पहिले वर्षभर कळलेच नाही. कोणी सांगत नव्हते. एक आजी पहाटे उठून पांघरुणाच्या आत त्रिशरण-पंचशील म्हणायच्या, ओठ हलतील एवढेच. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत साड्यांच्या खाली. का, तर खोलीत चौघी राहतात, शेजारणीने पाण्याचा तांब्या वेगळा केला तर या वयात कुठे जायचे? माणूस मुलाबाळांना सोडून एका खोलीत परक्यांबरोबर राहायला येतो, तेव्हा त्याला सर्वांत मोठी भीती आजारपणाची असेल असे आपल्याला वाटते. या आजींना भीती जात कळण्याची होती. हे आजचे सांगतो आहे, शंभर वर्षांपूर्वीचे नाही.

दुसऱ्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला आम्ही केळी नेली नाहीत. आठवडाभर आधी जाऊन तिथल्याच लोकांना विचारले, तुम्ही काय काय कराल? आधी सगळे गप्प. मग एक काका म्हणाले, मी टेबल सजवतो. ते पूर्वी मंडप डेकोरेशनच्या कामावर होते. पांढरे कापड, तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, कागदाची पिंपळपाने, सगळे त्यांनीच केले. खीर तिथल्या चार बायकांनी ढवळली. दहा लिटर दूध, एक किलो तांदूळ. साखर घालायच्या आधी एक पातेले बाजूला काढले, कारण मधुमेहवाले बरेच. दम्याचे रुग्ण असतात म्हणून अगरबत्ती एकच, तीही दाराशी. कार्यक्रम सकाळी दहाला ठेवला. संध्याकाळी तिथे साडेसातला जेवण होते आणि आठला दिवे मालवतात. आपल्या वस्तीतला साडेनऊला सुरू होणारा कार्यक्रम तिथे काय कामाचा?

वंदना खुर्च्यांवर बसूनच झाली. गुडघ्यांचा प्रश्न तथागतांना समजला असता. बौद्धाचार्यांनी सुरुवात केली आणि मागच्या ओळीतून आवाज येऊ लागले. एक, दोन, पाच. त्या दिवशी आम्हाला कळले की चाळीसांत आपले नऊ जण आहेत. पांघरुणातल्या आजींचा आवाज सर्वांत खणखणीत होता.

सगळे गोडच झाले असे नाही. दोघीजणी खीर घ्यायला आल्या नाहीत, डोके दुखते म्हणून खोलीत राहिल्या. त्यांतली एक तिसऱ्या वर्षी आली. दुसरी अजून येत नाही.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला गाणे-बजावणे न ठेवता फक्त वंदना आणि आठवणी असे ठरले. वस्तीतून आम्ही चैत्यभूमीला जातो, पण ज्यांना जिना उतरवत नाही त्यांनी काय करायचे? पंचाहत्तरी ओलांडलेले एक बाबा, निवृत्त गिरणी कामगार, १९८२च्या संपात नोकरी गेलेले, एरवी फारसे बोलत नाहीत. ते उठले. ७ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांचा अंत्यविधी झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते, वडिलांच्या खांद्यावर बसून दादरला गेले होते. चौपाटीवर अफाट जनसमुदाय, आणि तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी लोकांना दिलेली धम्मदीक्षा. त्यांना आठवते ती एकच गोष्ट. वडील रडत होते, त्यांचे खांदे हलत होते आणि आपण पडू म्हणून यांनी त्यांचे केस घट्ट धरले होते. हे त्या वृद्धाश्रमात सहा वर्षे राहत होते. तोवर त्यांना हे कोणी विचारले नव्हते. आमच्या तरुणांनी आता ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे.

बायकांकडे तर खजिनाच आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात त्यांना बाबासाहेबांवरच्या आणि बुद्धावरच्या ओव्या मिळाल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांनी रचलेल्या. आपल्या एका आजींनी जयंतीच्या दिवशी तशीच एक ओवी धरली. दुसरी ओळ विसरल्या. तेव्हा शेजारच्या मराठा आजींनी त्याच चालीत आपल्या माहेरची ओळ जोडली. जाते दोघींनीही ओढलेले, चाल तीच. हसणे झाले आणि मग तासभर ओव्या थांबेनात. आणलेला साउंड बॉक्स तसाच पडून राहिला, ते बरेच झाले.

आपल्यात वृद्धाश्रम हा शब्द अजून शिवीसारखा वापरतात. भेटायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "मुलं कुठे असतात?" हा प्रश्न विचारू नका. कोणाला मूल नसते, कोणाचा मुलगा दारूने गेलेला असतो, कोणाच्या घरी दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि दोघेही पाळीवर जाणारे. काहींनी आईबापांना खरोखर टाकलेले असते, त्यांची बाजू मी घेत नाही. सिगालोवाद सुत्तात मुलांची आईवडिलांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि बाबासाहेबांनी ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली आहेत. २००७च्या कायद्याप्रमाणे टाकलेल्या आईबापांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह भत्ता मागता येतो. १४५६७ या हेल्पलाईनवर चौकशीही करता येते. पण त्याच कायद्याचे कलम १९ वाचा. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम शासन 'उभारू शकेल' असे त्यात म्हटले आहे. 'उभारील' असे म्हटलेले नाही. आम्ही कारकून माणसे, या दोन शब्दांतले अंतर फाईलवर रोज पाहतो.

तथागत आणि आनंद विहारात फिरत असताना एक आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला त्यांना दिसला. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. दोघांनी त्याला स्वतःच्या हाताने धुऊन काढले, खाटेवर नीट निजवले, आणि मगच तथागतांनी संघाला एकत्र बोलावले. आधी पाणी, नंतर उपदेश. आपल्या मंडळांचा क्रम पुष्कळदा याच्या उलटा असतो.

वर्गणीच्या वहीत आता आम्ही एक नवे पान उघडले आहे. जयंतीच्या जमेतला ठरावीक हिस्सा वर्षभर त्या वृद्धाश्रमाच्या नावे राहतो. मोठा खर्च नसतोच. चष्म्याच्या काड्या, रिक्षाभाडे, दोघांच्या श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, खिरीचे दूध. हिशेब दर तीन महिन्यांनी तिथल्याच दोन वृद्धांना दाखवायचा असे ठरले. त्यांतले एक पूर्वी पतपेढीत होते आणि पावतीशिवाय एक रुपया मान्य करत नाहीत.

आजींचा फोटो आता ट्रंकेत नाही. भिंतीला खिळा ठोकायला व्यवस्थापनाची परवानगी लागते, ती मिळाली. खिळा ठोकला त्या शेजारणीनेच, कारण आजींचा हात वरपर्यंत जात नाही.

येत्या आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाचे तीन महिने, दर रविवारी दुपारी चार वाजता तिथे ग्रंथवाचन ठेवले आहे. मोठ्या अक्षरांची प्रत मिळाली आहे. मागच्या ओळीपर्यंत आवाज पोहोचेल असे दोन वाचक मात्र अजून हवे आहेत. चहा वृद्धाश्रमाकडून आहे. ते यजमान आहेत.