फायनान्स शिकलेला मुलगा शेअरचा भाव का सांगत नाही

फायनान्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलाला घरच्या कार्यात हमखास विचारलं जातं, "मग काय, सध्या कोणता शेअर घ्यावा?" विचारणाऱ्या काकांच्या मनात कौतुकच असतं. पण दोन वर्षांत बाजाराचं गुपित हाती लागेल, हाच समज मनात धरून अनेक मुलं वर्गात येऊन बसतात. मी हा विषय शिकवतो. पहिल्या सत्राच्या अखेरीस काहींचे पडलेले चेहरे पाहवत नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

भाव पुढे कुठे जाईल हे सांगणं हा या अभ्यासक्रमाचा गाभा नाही. गाभा आहे जोखीम: ती मोजायची कशी आणि विभागायची कशी. १९५२ साली हॅरी मार्कोविट्झ या चोवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने एक शोधनिबंध लिहिला. एखादा शेअर एकटा किती चांगला, यापेक्षा तो बाकीच्यांच्या सोबतीने कसा हलतो ते पाहा, असं त्याचं सांगणं होतं. समजा, दोन शेअर आहेत. दोघांकडून अपेक्षित परतावा सारखा आणि दोघांचा वार्षिक चढउतार २० टक्के. एकाच्या हालचालीचा दुसऱ्याशी संबंध नाही. पैसे निम्मे-निम्मे गुंतवले तर अपेक्षित परतावा तोच राहतो, चढउतार मात्र १४ टक्क्यांच्या आसपास येतो. परताव्यातला एक पैसाही न सोडता जोखीम कमी झाली! फळ्यावर हे गणित सुटतं तेव्हा वर्ग शांत होतो; मला तो क्षण फार प्रिय आहे. याच कामासाठी मार्कोविट्झ यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

आता गणिताची मर्यादाही त्याच वर्गात शिकवावी लागते. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्या खाली उतरला होता. एरवी एकमेकांशी फारसा संबंध नसलेले शेअर त्या पडझडीत एकत्र कोसळले. म्हणजे विभागणीची ढाल नेमकी गरजेच्या वेळी पातळ होते. चांगला अभ्यासक्रम सूत्र देतो आणि ते कुठे तुटतं तेही दाखवतो.

"शिकलेला माणूस बाजाराला हरवतोच," हा बाजाराचं गुपित हाती लागेल या समजाचा जुळा भाऊ. अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये यावर साध्या बेरीज-वजाबाकीने उत्तर दिलं. निर्देशांकाप्रमाणे गुंतवणारे बाजूला काढले, तर उरलेल्या सगळ्यांचा मिळून परतावा खर्चापूर्वी बाजाराइतकाच असणार, कारण सगळे मिळूनच बाजार होतो. त्यातून फी आणि दलाली वजा केली की सरासरी बाजाराच्या खालीच येते. कुणी एक पुढे जाऊ शकतो, सगळे नाही. आपल्याकडचं चित्र तर याहून कठोर आहे. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, शेअरबाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांनी तीन आर्थिक वर्षांत तोटा सोसला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. अभ्यासक्रमाला ट्रेडिंगचा क्लास समजून फी भरणाऱ्याने हा आकडा आधी वाचावा.

पदवी हाती आली की लोकांना सल्ला देता येतो, हाही चुकीचा समज. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते आणि त्यासाठीची परीक्षाही द्यावी लागते. ती घेणारी एनआयएसएम ही संस्था सेबीनेच २००६ मध्ये उभी केली. तिचं संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे, आणि तिथे पदव्युत्तर अभ्यासक्रमही चालतात.

एमबीए, एमएस्सी फायनान्स आणि सीएफए यांची तर सर्रास गल्लत होते. एमबीएमध्ये फायनान्ससोबत मार्केटिंग आणि मनुष्यबळ व्यवस्थापनही येतं. एमएस्सीत संख्याशास्त्र आणि मूल्यांकन अधिक खोलात. सीएफए ही पदवीच नव्हे, व्यावसायिक सनद आहे: तीन पातळ्यांच्या परीक्षा, वर किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव.

आणि हे शिक्षण फक्त कॉमर्सवाल्यांचं? अजिबात नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांना ताळेबंद नवा असतो, कॉमर्सच्या मुलांना मॅट्रिक्स. पहिले तीन महिने दोघंही धडपडतात. पुढे नोकऱ्याही फक्त दलाल स्ट्रीटवर नसतात. पतमापन संस्था, बँकांचे जोखीम विभाग, विमा कंपन्यांची गुंतवणूक खाती, कारखान्यांची ट्रेझरी इथेही ही मुलं लागतात.

राहिला पॅकेजचा प्रश्न. माहितीपत्रकातला सरासरी पगार पाहून पालक कर्ज काढतात, म्हणून इथे थांबून हिशोब करू. दहा मुलांपैकी नऊ जणांना सात लाख आणि एकाला साठ लाख मिळाले, तर सरासरी निघते १२ लाख ३० हजार. तेवढा पगार त्या वर्गात कुणालाच मिळालेला नाही. मध्यक, म्हणजे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा, मात्र सात लाखच राहतो. प्रवेशाआधी कॉलेजला मध्यक विचारा, आणि तो किती मुलांवरून काढला तेही विचारा.