चरत्या शेळ्यामेंढ्यांचे वजन आणि बाजारातील घट

महाराष्ट्रात 2015 पासून संपूर्ण गोवंशाच्या हत्येवर बंदी असल्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्यात मांसासाठी जनावर वजनावर विकण्याचा प्रश्न प्रामुख्याने संगमनेरी शेळी आणि दख्खनी मेंढी पाळणाऱ्यांपुढे येतो. या व्यवहारात काटा अचूक असला तरी त्यावरचा आकडा दिवसभर बदलत राहतो.

या बदलाचे मूळ रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आहे. त्याच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या, म्हणजे कोटीपोटात, चारापाणी कित्येक तास आंबत राहते आणि पचनमार्गातील हा सारा ऐवज जिवंत वजनाच्या साधारण 12 ते 22 टक्के भरतो. सकाळी चरायला सुटण्यापूर्वी शेळीची डावी भकाळी खोल गेलेली असते, तर संध्याकाळी पाणी पिऊन परतताना ती भरून वर आलेली दिसते. दिवसाला 100 ग्रॅम वाढणाऱ्या करडाला एक किलो वाढायला दहा दिवस लागतात, परंतु एक लिटर पाणी पिताच तेवढीच भर काही मिनिटांत पडते. मेंढीच्या बाबतीत पावसात भिजलेली लोकरही वजन फुगवते.

घोडेगावसारख्या बाजारात जनावर गाडीतून नेताना याच्या उलट घडते. आधी लेंड्या आणि लघवीवाटे पोट रिकामे होते. ही घट सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक वेगाने होते आणि चारापाणी मिळताच बरीचशी भरून निघते. उपास, ऊन आणि धक्के लांबले, तर मात्र स्नायू व इतर पेशींतील पाणी आटते, ही घट भरून यायला अनेक दिवस लागतात आणि मांसाचे प्रत्यक्ष नुकसान होते.

म्हणून वाढ मोजायची असेल, तर एकाच काट्यावर, सकाळी चरायला सोडण्यापूर्वी आणि शक्यतो लागोपाठ दोन-तीन दिवस वजन घेऊन सरासरी काढावी. विक्रीतही वजन गोठ्यात करायचे की बाजारात, किती तासांच्या उपासानंतर करायचे आणि घट किती टक्के धरायची, हे भावाआधी ठरले पाहिजे. कारण भाव ठरल्यानंतर काढलेली घट बहुधा पाळणाऱ्याच्याच पदरी पडते. मीठ चारून पाणी पाजणे किंवा जनावर तहानलेले ठेवणे, हे दोन्ही मार्ग मुक्या जिवाला छळणारे आहेत आणि त्यांनी मांस तसूभरही वाढत नाही.