दुवे तोडले, गोंगाट तसाच
बिनतारी सेन्सरच्या जाळ्यात प्रत्येक नोड पूर्ण ताकदीने बोलू लागला, की संदेश एकमेकांवर आदळतात, पुन्हा पाठवावे लागतात आणि बॅटरी त्यातच संपते. यावरचा उपाय म्हणजे टोपोलॉजी कंट्रोल. लांबचे दुवे सोडायचे, प्रक्षेपणाची ताकद उतरवायची, जाळे मात्र तुटू द्यायचे नाही. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की लागणारी ताकद चौथाईवर येते, तेव्हा बचत खरीच.

दुवे घटले की व्यत्ययही आपोआप घटतो, असे मात्र नुसतेच गृहीत धरले जाई. २००४ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील रॉजर वॉटनहोफर आणि सहकाऱ्यांनी ते खोडून काढले.

एका रांगेत १० नोड घ्या. त्यांच्यातली अंतरे १, २, ४, ८ अशी दुपटीने वाढणारी. प्रत्येकाने फक्त लगतच्या शेजाऱ्यांशीच बोलायचे. पण उजवीकडच्या शेजाऱ्यापर्यंत पोचण्याएवढी रेंज ठेवली, की डावीकडचे सगळेच तिच्या टप्प्यात येतात! डाव्या टोकाच्या नोडवर उरलेल्या ९ पैकी ८ जणांचा आवाज येऊन आदळतो. कागदावर इतका देखणा, काटकसरी आराखडा. व्यत्ययाच्या हिशेबात जवळजवळ सर्वांत वाईट.

याच गटाने २००५ मध्ये त्यावर तोडही दाखवली. मोजक्या नोडना केंद्र करून काही लांबचे दुवे मुद्दाम राखले, तर अशा रांगेतला व्यत्यय नोडसंख्येच्या नव्हे, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.