टोंगळे काय काय थांबवतात?

मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून मुक्ताईची पालखी निघते आणि जवळजवळ महिनाभर चालून आषाढीला पंढरपुरी पोचते. दरवर्षी काही बायाबापड्या मात्र गावच्या वेशीवरूनच हात जोडतात. ‘टोंगळे धरले’, म्हणजे गुडघे आखडले, एवढंच कारण सांगतात.

वारी सुटलेली सगळ्यांना दिसते. त्याआधी सुटलेलं कुणाला दिसत नाही. मांडी घालता येईना म्हणून पंगत सुटते. कापसाच्या ओळीत वाकणं जड जातं. रात्री उठायला नको म्हणून माय संध्याकाळपासून पाणीच कमी पिते. उकिडवं बसायच्या संडासात भिंतीला हात लावून उठावं लागतं, पण ते ती सुनेलाही सांगत नाही.

या दुखण्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, आपण गुडघ्याची झीज म्हणतो. ‘वंगण संपलं’ हे तर घरोघरी ऐकू येतं. पण हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते तेव्हा ती स्वतः दुखत नाही, कारण तिच्यात वेदनेच्या नसाच नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, ताणलेले स्नायुबंध. म्हणून एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ बसेलच असं नाही. फोटोत गुडघा पार झिजलेला आणि बाई शेतात चालतेय, तर दुसरीचा फोटो बरा पण तिला ओटा उतरवत नाही, असं डॉक्टर नेहमी पाहतात. दुखतं म्हणून माणूस बसून राहतो, बसल्याने मांडीचा पुढचा स्नायू सुकतो, स्नायू सुकला की सांध्याला आधार उरत नाही आणि दुखणं आणखी वाढतं.

मग दुखणं मोजायचं कसं? जगभर त्यासाठी ‘वोमॅक’ नावाची २४ प्रश्नांची यादी वापरतात. त्यातले ५ प्रश्न वेदनेचे, २ आखडण्याचे आणि तब्बल १७ रोजच्या कामांचे. हे प्रमाण मला फार शहाणपणाचं वाटतं. अडचण एवढीच की यादी कॅनडात तयार झाली. तिच्यात मोजे घालणं-काढणं आहे, मोटारीत चढणं-उतरणं आहे. जमिनीवर बसून भाकरी थापणारी बाई त्यात कुठे बसणार? पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने म्हणूनच आपल्या बसण्या-उठण्याला जुळेल अशी तिची आवृत्ती केली. याच संस्थेच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या पुढाकाराने १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन पाहणी झाली होती. ४,०९२ प्रौढांपैकी १८ टक्क्यांहून अधिक लोकांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. झिजेचा संधिवात सुमारे ६ टक्क्यांना होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ साली जगात ५२ कोटी ८० लाख लोकांना कुठल्या ना कुठल्या सांध्यात हा आजार होता, त्यांतल्या सुमारे ६० टक्के बायका.

झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारं औषध अजून नाही. पण सुटलेली कामं बरीचशी परत मिळवता येतात, आणि त्यात सगळ्यात भरवशाचा आहे व्यायाम. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली ठेवायचा. मग दुसरा. सुरुवातीला थोडं दुखलं तरी चालतं, सूज आली तर मात्र थांबून डॉक्टरांना विचारावं. वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्याने दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे अमेरिकेतल्या २००५ च्या एका अभ्यासात दिसलं. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेणं मात्र म्हातारपणी पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं.

संडासात बसायची उंच खुर्ची, भिंतीला लोखंडी दांडी, ओट्यावर उभ्याने स्वयंपाक हे घरातल्यांनी करायचं काम आहे, आणि ते मायने मागायची वाट पाहू नये.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसतं ‘टोंगळे दुखतात’ म्हणून थांबू नका. वर्षभरापूर्वी जमत होती आणि आज जमत नाहीत अशी तीन कामं सांगा. संडासाचंही सांगा.